कोठीतला हरभरा गरम का झाला: वर्धा जिल्ह्यातल्या एका बियाणे-गटाचं प्रकरण

पोळ्याच्या चार दिवस आधी गटाच्या अध्यक्ष काकूंनी मला बियाण्याच्या खोलीत नेलं, पत्र्याच्या कोठीचं झाकण काढलं आणि म्हणाल्या, "मॅडम, पहिले हात घालून पाहा." वरचे दाणे थंड होते. हात कोपरापर्यंत गेला तसा आतला हरभरा कोमट, मग चांगलाच गरम लागला. बाहेर काढला तेव्हा हाताला पिवळसर पीठ लागलं होतं आणि मनगटावरून तीन-चार तपकिरी भुंगे चढत होते.

कोरडं धान्य उगाच तापत नाही. आत किडे मोठ्या संख्येनं श्वास घेत असले की उष्णता आणि ओल दोन्ही तयार होतात. त्या ओलीनं बुरशी येते, आणि बुरशी आणखी उष्णता करते. झाकण उघडून वरवर पाहणाऱ्याला हे दिसत नाही, म्हणून काकूंनी हात घालायला सांगितलं होतं.

गाव आर्वी तालुक्यातलं. मी जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि याच गावची सून आहे, त्यामुळे अर्ध्या बाया मला मॅडम म्हणतात आणि अर्ध्या सूनबाई. गटाकडे 'जॅकी ९२१८' या वाणाच्या हरभऱ्याच्या सहा कोठ्या होत्या, एकेकीत अर्धा क्विंटल. हरभऱ्याला एकरी साधारण ३० किलो बियाणं लागतं, म्हणजे तीन क्विंटलमध्ये दहा एकरांची पेरणी. हरभरा स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागानं फळणारा, असल्यामुळे घरचं बियाणं काही वर्षं निर्धास्त वापरता येतं, दर ऑक्टोबरात पिशवी विकत घ्यावी लागत नाही. गट त्यासाठीच उभा राहिला होता. सहापैकी चार कोठ्या हातच्या गेल्या. एका मुठीतले दाणे ताटात पसरले तर भोक नसलेला दाणा शोधावा लागत होता.

त्या संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. पहिली सूचना आली ती गोळ्यांची. "दोन गोळ्या टाका कोठीत, झाकण लावा, काम खलास." या गोळ्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याशी संयोग झाला की त्यातून फॉस्फीन वायू निघतो. तो भुंग्याला मारतो तसाच माणसालाही मारतो, आणि त्यावर उतारा नाही. गोदामात प्रशिक्षित माणसानं धुरी देण्यासाठीचं हे रसायन आहे, घरात वापरायचं नाही. आपल्याकडे दीड खोलीच्या घरात कोठीला लागून पोरं झोपतात. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, ते बैठकीतल्या प्रत्येकीला आठवत होतं. थोड्याच वेळात गोळ्यांचं नाव कुणी काढेना.

मग कोपऱ्यातल्या आजी बोलल्या. "आमच्या सासूनं राखेतच ठेवलं बियाणं. भुंगा काय असते थे माहीतच नव्हतं आमाले." आणि तिथून सुरू झालं. कुणी म्हणालं कडुनिंबाचा पाला, कुणी निरगुडी, कुणी करंजीचं तेल. सीताफळाच्या बिया, वेखंड, बिबा, एरंडेल. प्रत्येकीच्या माहेरी वेगळा उपाय, आणि प्रत्येकीला आपल्या उपायाची खात्री. मी म्हटलं, भांडू नका, सगळे लावून पाहू. अशी ही चाचणी सुरू झाली. ती सहा महिने चालली आणि तिच्या पहिल्या दोन फेऱ्या वाया गेल्या. त्या फेऱ्यांबद्दलही लिहिते, कारण नेमकं त्यांनीच आम्हाला शिकवलं.

घुण म्हणजे नेमका कोण

आमच्याकडे धान्यात जे हलतं ते घुण. गव्हात दिसलं तरी घुण, तांदळात दिसलं तरी घुण, पिठात दिसलं तरी तेच. प्रत्यक्षात हे वेगवेगळे जीव आहेत आणि त्यांची खोड वेगळी आहे. ज्वारी-तांदळातला सोंडकिडा लांब सोंडेनं दाण्याला खड्डा पाडतो, त्यात अंडं घालतो आणि वरून बुच लावतो. पिठातला तांबडा भुंगा अख्खा दाणा सहसा फोडत नाही, तो फुटके दाणे आणि भुसा खातो. आमच्या कोठीत होता तो कडधान्यावरचा भुंगा, शास्त्रीय भाषेत कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस. तो गव्हा-तांदळाच्या वाट्याला जात नाही.

मी कॉलेजातून दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणलं. मानेच्या मागे दोन पांढरे उंचवटे दिसले की हाच तो. नराच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी असतात आणि मादीच्या साध्या, करवतीच्या पात्यासारख्या. हे बायांना इतकं आवडलं की दोन दिवसांत शाळेतल्या पोरीही नर-मादी ओळखायला लागल्या. पुढच्या चाचणीत जोड्या मोजून सोडायच्या होत्या, तेव्हा हेच कौशल्य कामी आलं.

या भुंग्याची जीवनकथा एकदा समजली की उपाय कुठे बसतो आणि कुठे बसत नाही ते कळायला लागतं. मादी अंडं दाण्याच्या आत घालत नाही, दाण्याच्या सालीवर चिकटवते. एक मादी आयुष्यात ८०-१०० अंडी सहज घालते. चार-पाच दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते, पण ती उघड्यावर येतच नाही. अंड्याच्या तळातूनच ती थेट दाण्यात भोक पाडते. पुढचं सगळं बालपण आणि कोषावस्था दाण्याच्या आत. उकाड्याच्या दिवसांत अंड्यापासून महिन्याभरात नवा भुंगा गोल दार पाडून बाहेर येतो, आणि साठवलेल्या धान्यात तो प्रौढ भुंगा काहीच खात नाही. दहा-बारा दिवस जगतो, जोडी जमवतो, अंडी घालतो, मरतो.

आता हिशेब करा. समजा एका जोडीच्या ८० अंड्यांतली फक्त पावभर वाचली, म्हणजे २० भुंगे, दहा जोड्या. पुढच्या महिन्यात २००. त्याच्या पुढच्या महिन्यात दोन हजार. मार्चमध्ये कोठीत एक जोडी राहिली तरी पोळ्यापर्यंत काय होतं ते आम्ही हातानं अनुभवलं होतं.

आणखी एक गोष्ट भिंगातून दिसली, आणि सगळी चाचणी पुढे तिच्यावरच उभी राहिली. काही दाण्यांवरची अंडी दुधासारखी पांढरी होती, काही काचेसारखी पारदर्शक. अळी अंड्यातून दाण्यात शिरताना मागे पोखरलेला भुसा रिकाम्या टरफलात भरते, म्हणून टरफल पांढरं दिसतं. म्हणजे पांढरं अंडं असेल तर अळी आत गेली. आठ-दहा दिवसांनंतरही अंडं पारदर्शक राहिलं तर ते मेलं. दाणा न फोडता, यंत्र न वापरता, खेड्यातल्या ओसरीवर बसून हे मोजता येतं. जॅकीच्या तपकिरी सालीवर तर पांढरा ठिपका नुसत्या डोळ्यांनाही दिसतो.

वाया गेलेल्या दोन फेऱ्या

पहिली फेरी सप्टेंबरात. कपाशीवर फवारायचा पाच टक्के निंबोळी अर्क आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे: पाच किलो निंबोळीचा गर रात्रभर भिजवायचा, गाळायचा, शंभर लिटर पाणी करायचं. बायांनी त्याच प्रमाणात छोटा अर्क केला, निरगुडीचाही केला, आणि हरभऱ्यावर शिंपडून बरण्या भरल्या. पाचव्या दिवशी बरण्यांना वास आला, दहाव्या दिवशी पांढरी बुरशी.

चूक माझी होती, मी आधीच थांबवायला हवं होतं. शेतातल्या पानावर पडलेलं पाणी वाऱ्यानं सुकतं, बरणीतलं जात नाही. साठवणीच्या कडधान्यात ओल नऊ टक्क्यांच्या आसपास असावी असं सांगतात. त्यावर पाण्याचा अर्क शिंपडणं म्हणजे किड्याला आणि बुरशीला एकत्र आमंत्रण. झाडाचा गुण त्या पाण्यात किती होता हा प्रश्नच उरला नाही. तेव्हापासून आमचा नियम ठरला की साठवणीच्या धान्याला पाणी लागेल असा कुठलाच अर्क नको. वापरायचं ते कोरडं किंवा तेलकट.

दुसरी फेरी कॉलेजात. ओल नको म्हणून पाल्याचा अर्क स्पिरिटमध्ये काढला, तो गाळणकागदावर लावला, कागद थोडा सुकू दिला आणि प्लॅस्टिकच्या डब्यांत दहा-दहा भुंगे सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थी उड्या मारत आले. सगळे भुंगे मेले होते. सगळ्या पाल्यांच्या डब्यांत. मी विचारलं, नुसतं स्पिरिट लावलेल्या डब्यात? तिथेही सगळे मेले होते. झाडं बिचारी बाजूलाच राहिली, भुंगे स्पिरिटच्या वाफेनं मेले होते. कागद रात्रभर उघड्यावर सुकवून पुन्हा करून पाहिलं तेव्हा बहुतेक पाल्यांच्या डब्यांत भुंगे आरामात फिरत होते.

नुसत्या स्पिरिटचा तो एक डबा ठेवला नसता तर त्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात आमची पोरं "निरगुडीच्या अर्कानं शंभर टक्के भुंगे मरतात" असा फलक घेऊन उभी राहिली असती, आणि बक्षीसही घेऊन आली असती. शाळा-कॉलेजांच्या प्रकल्पांत असे फलक मी पाहिले आहेत. ते पाहून कुणी आपल्या कोठीत निरगुडी भरली आणि बियाणं गमावलं तर त्याची जबाबदारी कुणाची, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

तिसरी फेरी

यावेळी घाई केली नाही. हरभरा आधी कॉलेजच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ठेवला, म्हणजे आधीची अंडी-अळ्या मरतील. मग तो कापडावर पसरून खोलीच्या हवेला येऊ दिला. लोणच्याच्या सारख्या मापाच्या काचेच्या बरण्या घेतल्या, प्रत्येकीत २०० ग्रॅम हरभरा आणि तोंडाला मलमल. प्रत्येक उपायाच्या तीन बरण्या, कारण एका बरणीवर विश्वास ठेवायचा नाही हे आता सगळ्यांना पटलं होतं.

पावडरी वजनाच्या दोन टक्के, म्हणजे बरणीला चार ग्रॅम: कडुनिंबाचा वाळलेला पाला, निंबोळीचा गर, निरगुडीचा पाला, सीताफळाची बी. पाला आणि निंबोळ्या सावलीत वाळवल्या, कारण निंबोळीतलं किडीवर चालणारं द्रव्य अ‍ॅझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही. तेलं बरणीला एक मिली, म्हणजे किलोला पाच मिली: निंबोळीचं आणि करंजीचं. आजींच्या आग्रहाखातर गोवरीची चाळलेली राख, दाण्यांमधल्या सगळ्या फटी भरतील इतकी. आणि दोन बरण्या अशा की त्यांचं कुणालाच कौतुक नव्हतं. एक काहीच न घातलेली, आणि दुसरी स्वयंपाकघरातल्या शेंगदाणा तेलाची. शेंगदाणा तेल कशाला, असं सगळ्याच म्हणाल्या. मी म्हटलं, तेलाच्या बरणीत भुंगे कमी झाले तर ते निंबोळीमुळे की तेलामुळे, हे कसं कळणार?

वेखंड, बिबा आणि एरंडेल आम्ही घेतले नाहीत. एरंडेल फक्त तेलांची संख्या वाढत होती म्हणून सोडलं. बिब्याचं तेल अंगावर उठतं, फोड येतात, ते दाण्याला चोळणार कोण? वेखंडाचा वास किड्यांवर जबरदस्त चालतो हे खरं आहे. त्यातलं बीटा-असारोन किड्यांची प्रजननक्षमता मारतं, पण त्याच घटकाच्या कर्करोगाच्या शंकेमुळे अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. गटाचं बियाणं उरलं तर त्याची डाळ होते, मग ती पोरांच्या ताटात जाते. म्हणून नको. झाडाचं आहे म्हणजे निर्धोक आहे, हा समज मला गोळ्यांइतकाच घातक वाटतो.

बरण्यांवर नावं लिहिली नाहीत, फक्त आकडे. कोणत्या आकड्यात काय आहे याची वही माझ्याकडे, मोजणाऱ्या बाया आणि विद्यार्थी वेगळे. आपल्या माहेरचा उपाय जिंकावा असं प्रत्येकीला वाटणं साहजिक आहे, आणि मोजताना हात तिकडे झुकतो. फळीवर बरण्यांची जागाही चिठ्ठ्या टाकून ठरवली. नोव्हेंबर उजाडला होता, आणि थंडीत या भुंग्याची वाढ लांबते. म्हणून लाकडी कपाटात साधा बल्ब लावून ऊब धरून ठेवली. लाइट गेली की बाया कपाटाला चादर गुंडाळायच्या.

प्रत्येक बरणीत ताज्या निघालेल्या पाच नर-पाच माद्या सोडल्या. सातव्या दिवशी जिवंत-मेलेले सगळे भुंगे काढून टाकले, म्हणजे पुढे जे निघतील ते नव्या पिढीचेच असतील. दहाव्या दिवशी अंडी मोजली, पांढरी वेगळी, पारदर्शक वेगळी. पंचविसाव्या दिवसापासून रोज नवे भुंगे मोजून बाहेर.

वही उघडली तेव्हा

सगळ्यात मोठा धक्का कडुनिंबाच्या पाल्यानं दिला. त्या तीन बरण्यांमध्ये आणि काहीच न घातलेल्या बरण्यांमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. अंडी तितकीच, पांढरी तितकीच, नवे भुंगे जवळपास तितकेच. अध्यक्ष काकू वीस वर्षं कोठीत पाला टाकत होत्या. त्या म्हणाल्या, "असं कसं? मी दरसाल पाल्यात मेलेले भुंगे पाहते." त्यांचं पाहणं खोटं नव्हतं. प्रौढ भुंगा दहा-बारा दिवसांत मरतोच, पाला असो वा नसो. दोन आठवड्यांनी झाकण उघडलं की मेलेले भुंगे दिसणार, आणि श्रेय शेजारी जे असेल त्याला जाणार. त्यांनी तुलनेला दुसरी कोठी कधी ठेवली नव्हती, आणि आपल्यापैकी कोण ठेवतं?

पाला का चालला नसावा याचंही कारण भुंग्याच्या जगण्यातच आहे. अ‍ॅझाडिरॅक्टिन मुख्यतः बियांमध्ये असतं, पाल्यात फार कमी. आणि त्याचा गुण म्हणजे किड्याची भूक मारणं, कात टाकणं बिघडवणं. शेतात पान खाणाऱ्या अळीच्या पोटात ते जातं. इथे प्रौढ भुंगा खातच नाही आणि अळी दाण्याच्या आत बंद आहे. पावडर दाण्याच्या बाहेर, तोंड दाण्याच्या आत, गाठ पडणार कशी?

निरगुडी मधोमध राहिली. सुरुवातीला अंडी कमी दिसली, उग्र वासानं माद्या बिचकत असाव्यात. पण घातलेली अंडी मात्र बहुतेक पांढरी झाली. मलमलीच्या तोंडातून वास उडाला की राखण संपली.

सीताफळाच्या बीची पावडर खरोखर जहाल निघाली. तिसऱ्याच दिवशी त्या बरण्यांत हालचाल मंदावली, आणि अंडीही मोजकीच. पण ती पावडर करताना मिक्सरचं झाकण उघडल्याबरोबर एका ताईच्या डोळ्याची आग झाली. लगेच पाण्यानं डोळा धुतला आणि तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवला, म्हणून निभावलं. ही पावडर उवांसाठी डोक्याला लावतात आणि डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, हे आजींना ठाऊक होतं. मी त्यांना आधी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून सीताफळ आमच्या यादीतून बाद झालं, कितीही भुंगे मेले तरी. जाता जाता, सीताफळ मूळचं आपलं नाहीच, ते अमेरिकेच्या उष्ण भागातून आलं. इतकं रुळलं की देशी म्हणून त्यावर विश्वास टाकला जातो.

आता तेलं. निंबोळीच्या आणि करंजीच्या तेलाच्या बरण्यांत अंडी कमी होती, पण खरी गोष्ट ती नव्हती. जी अंडी होती ती दहाव्या दिवशीही काचेसारखी पारदर्शक होती. पांढरा ठिपका शोधूनही क्वचित सापडायचा. नवे भुंगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. टाळ्या पडल्या. मग शेंगदाणा तेलाचा आकडा वाचला. तिथेही तेच. पारदर्शक अंडी, बोटांवर मोजण्याइतके भुंगे.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. निंबोळी जिंकली असं म्हणायला ओठावर आलेलं वाक्य तिथेच राहिलं. अंड्यालाही श्वास लागतो. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की हवेची वाट बंद होते आणि अंडं आतल्या आत गुदमरतं. त्या पहिल्या महिन्यात आमच्या बरण्यांमधलं मुख्य काम कडवटपणानं नाही, तेलपणानं केलं होतं. निंबोळीच्या गराची पावडर पाल्यापेक्षा कितीतरी सरस का ठरली, तेही यातून उलगडलं. गरात ४० टक्क्यांच्या आसपास तेल असतं. ती पावडर दाण्यांना चिकटून सगळा हरभरा तुकतुकीत झाला होता.

राखेच्या बरण्याही चांगल्या निघाल्या, आजींचा चेहरा पाहण्यासारखा होता. राख फटी भरते, त्यामुळे भुंग्याला दाण्यांतून फिरता येत नाही, जोडीदार भेटत नाही. शिवाय तिच्या बारीक कणांनी किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जातो आणि तो सुकून मरतो. मात्र राख चिमूटभर टाकून भागत नाही, भरपूर लागते. आजींच्या सासूची राखेची मडकी पायलीभर बियाण्याची होती. अर्ध्या क्विंटलच्या कोठीला तेवढी राख आणायची म्हणजे गावभरच्या चुली साफ कराव्या लागतील, आणि चुली आता उरल्यात किती?

आकडे मांडताना एक सूत्र पाळलं. ते १९२५ साली कीटकशास्त्रज्ञ अ‍ॅबट यांनी मांडलं आणि आजही जगभर वापरतात. समजा औषधाच्या बरणीत शंभरातले ६० भुंगे मेले आणि साध्या बरणीत आपणहून २० मेले. तर औषधाचा गुण ६० टक्के नाही. ६० मधून २० वजा, ४०. आणि मुळात जे जगणार होते ते ८०. म्हणून ४० भागिले ८०, म्हणजे ५० टक्के. गटातल्या सातवी शिकलेल्या एका ताईनं हे एकदा समजावल्यावर सगळ्या बरण्यांचं गणित एकटीनं केलं. साध्या बरणीशिवाय हे सूत्र लागूच होत नाही, हेही तिनंच सगळ्यांना सांगितलं.

कोठीपर्यंत

बरणीत जमलं ते कोठीत जमेलच असं नाही. आणि बियाण्याच्या बाबतीत भुंगा नसणं पुरेसं नाही, ते उगवायला हवं. तेल लावलेले आणि न लावलेले शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. प्रमाणित हरभरा बियाण्याला किमान ८५ टक्के उगवण लागते. दोन्ही गुंडाळ्या त्याच्या वर गेल्या, तेव्हाच पुढे जायचं ठरवलं.

एप्रिलमध्ये नवा हरभरा आला. आधी कोठ्या रिकाम्या करून सांधे ब्रशनं झाडले, जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून वाळवली, कारण मागच्या वर्षीचे भुंगे बहुतेक शिवणीत आणि सांध्यातच दडून होते. तूर, मूग, चवळी यांच्यावर हा भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, त्यामुळे तिथे नुसती कोठी झाडून भागत नाही. मग हरभरा काळ्या ताडपत्रीवर पातळ पसरून तीन दिवस कडक ऊन दिलं. आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन फुकट आहे, आणि भुंग्याच्या सगळ्या अवस्थांना ते सोसत नाही. संध्याकाळी दाणे सावलीत थंड करूनच भरायचे, गरम भरले की झाकणाखाली घाम येतो.

तेलाबाबत गटानं दोन वाटा केल्या. पेरायच्याच चार कोठ्यांना निंबोळीचं तेल, कोठीला पाव लिटर. दाणे सावलीत ताडपत्रीवर, तेल थोडं थोडं, दोन्ही हातांनी चोळून प्रत्येक दाणा चमकेपर्यंत. त्या कोठ्यांवर लाल रंगानं 'फक्त पेरणी' लिहिलं, कारण निंबोळी तेल पोटात जाऊन लहान मुलांना विषबाधा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. खाण्याकडे वळू शकणाऱ्या दोन कोठ्यांना शेंगदाणा तेल, तेवढंच. कोठ्या गळ्यापर्यंत भरल्या, आत हवा कमी राहावी म्हणून, आणि झाकणाच्या कडेला शेणमातीचा लेप.

लेप लावून झाल्यावर अध्यक्ष काकूंनी घरून किलोभर हरभरा आणला. ऊन दिलेला, पण तेल न लावलेला. तो मोठ्या बरणीत भरला, मलमल बांधली आणि कोठ्यांच्या शेजारी ठेवला. मी काही सांगितलं नव्हतं. "ही राहू द्या साधी," त्या म्हणाल्या, "नाही तर पुढच्या साली मी पुन्हा म्हणेन, माझ्या पाल्यानंच झालं."

पोळ्याला सगळ्या कोठ्यांत हात घालून पाहिलं. पाच थंड होत्या. सहावीत, शेंगदाणा तेलाच्या एकीत, मधला भाग कोमट लागला. आषाढात पाहुण्यांसाठी दोनदा झाकण उघडलं होतं आणि लेप पुन्हा लावला नव्हता. चाळणीत भुंगे सापडले, फार नाहीत. काकूंची साधी बरणी मात्र तळापर्यंत पिठाची झाली होती. त्या कोमट कोठीचा हरभरा त्याच आठवड्यात भरडून डाळ केली. भरडलेली डाळ या भुंग्याला फारशी मानवत नाही, त्यामुळे धान्य तरी वाचलं. उरलेल्या पाच कोठ्यांचं बियाणं ऑक्टोबरात पुन्हा गोणपाटाच्या चाचणीतून गेलं आणि आठ एकरांत पेरलं गेलं.